मांत्रिकाला प्रेयसी का नाही?

मराठीत हेर आहेत, मांत्रिक आहेत आणि प्रेमवीर तर पैशाला पासरी आहेत. पण तिन्ही एकाच माणसात? म्हणजे सरकारच्या गुप्त खात्यात पगारावर असलेला, मंत्र जाणणारा, शत्रूच्या मागावर असताना प्रेमात पडणारा आणि तिच्यासाठी वरिष्ठांचा हुकूम मोडणारा नायक? गाजलेल्या मराठी कादंबऱ्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचा, असा गडी त्यात भेटणार नाही.

इंग्रजीत या मालाचा तुटवडा नाही. चार्ल्स स्ट्रॉसच्या 'लाँड्री फाइल्स'मध्ये ब्रिटिश सरकारचं एक गुप्त खातं पलीकडच्या भयानक शक्तींपासून देशाचं रक्षण करतं, तेही रजेचे अर्ज आणि बैठका सांभाळून. बेन ॲरनोविचचा पीटर ग्रँट लंडन पोलिसात शिपाई आहे आणि जादूची उमेदवारी करतो. यात प्रेम आणि थरार कालवला की जो प्रकार तयार होतो, त्याला तिकडे दुकानात स्वतंत्र मांडणी असते. आपल्याकडे अद्भुताची हौस कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. जिथे दर चार कोसांवर एक म्हसोबा आणि एक हडळीची वड-पिंपळाची जागा आहे, तिथे हा नायक का जन्मला नाही, हा मला साहित्यापेक्षा इतिहासाचा प्रश्न वाटतो.

मी वाढलो भवानीनगरला, इंदापूर तालुक्यात. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि त्याच्याभोवती वाढलेली वस्ती, एवढंच गाव. शेजारी सणसर, एका अंगाला बारामती, दुसरीकडे वालचंदनगर. दिवसाचे तास भोंग्यावर मोजायचे. हंगामात मळीचा वास घरात, आणि चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर. वर्षातून एकदा तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला यायची आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीला रिंगण व्हायचं. बाकी करमणूक म्हणजे पुस्तकं भाड्याने देणारं एक पत्र्याचं दुकान. दिवसाला आठ आणे. तिथे तीन फळ्या होत्या आणि दुकानदाराने त्यांची सरमिसळ कधी होऊ दिली नाही. वरच्या फळीवर हेर आणि डिटेक्टिव्ह, मधल्या फळीवर भुतं, आणि खालच्या फळीवर, म्हणजे शाळकरी पोरांना सहज दिसू नये पण बायकांना वाकून घेता यावं अशा उंचीवर, प्रेम. मराठी लोकप्रिय कादंबरीचा शंभर वर्षांचा इतिहास त्या तीन फळ्यांत मांडलेला होता, असं आता वाटतं.

सुरुवातीला या फळ्या वेगळ्या नव्हत्या. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, संकटं, ताटातूट, चमत्कार आणि शेवटी मीलन असा सगळा मामला. याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या लेखणीतून अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत उतरत होत्या, त्यामुळे वाचकांना जिन्न आणि जादूचे दिवे ठाऊक झाले होते. पुढे समीक्षकांनी या कादंबऱ्यांची भरपूर टर उडवली. पण रिसबुडांनी प्रस्तावनेत दिलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लग्नाच्या चालीमुळे आणि आणखीही काही कारणांमुळे आपल्या हिंदू लोकांच्या रोजच्या जगण्यात मन गुंतवणारं काही घडतच नाही. मग मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नाही.

जरा थांबून पाहा, माणूस काय सांगतोय. मुलगी आठ-दहा वर्षांची असताना लग्न लागतं, नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलतही नाहीत, तिथे प्रेमकथा घडणार कुठे? तिला उडत्या विमानातच बसवायला हवं, नाहीतर अनोळखी बेटावर न्यायला हवं. म्हणजे मराठी कादंबरीत जादू आली तीच मुळी प्रेमाला जागा करून द्यायला.

ही युती फार टिकली नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' लिहायला घेतली आणि यमूच्या घरातल्या अंधाऱ्या माजघरातच एवढं काही घडतं, हे वाचकांना दिसलं. जादूची गरज संपली. नाथमाधवांच्या 'वीरधवल'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या पुढेही आल्या आणि आवडीने वाचल्या गेल्या, पण मानाचं पान सामाजिक कादंबरीला मिळालं. प्रेम सुधारणावाद्यांच्या घरी राहायला गेलं, आणि जादू मुलांच्या पुस्तकांत.

हिंदीत मात्र वेगळं घडलं. १८८८ साली देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आली. खत्री काही काळ चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. तिथले पडके किल्ले, भुयारं पाहून त्यांनी तिलिस्म रचलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात 'चंद्रकांता' १९९४ नंतर दूरदर्शनवरून शिरली. आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी ती लागली की रस्ते ओस पडायचे, आणि सोमवारी शाळेत निम्मी पोरं क्रूरसिंहासारख्या भुवया चढवून 'यक्कू' म्हणत फिरायची. मालिकेने मूळ कादंबरीचं पार भजं केलं होतं, ते सोडा. कादंबरीतला खरा नायक राजपुत्र वीरेंद्रसिंह नाही, त्याचा ऐयार तेजसिंह आहे. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असलेला हेर, बहुरूपी, घटकेत म्हातारा तर घटकेत दासी होणारा. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करायची पूड असते आणि शुद्धीवर आणायला लखलखा. आणि हा तेजसिंह प्रेमात पडतो, तेही चपलाच्या, जी स्वतः ऐयारा आहे. दोन गुप्तहेरांची प्रेमकथा, १८८८ साली!

पण बारकाईनं पाहिलं तर तेजसिंह जादूगार नाही. त्याच्याकडे मंत्र नाहीत, औषधं आणि वेषांतर आहे. तिलिस्मसुद्धा बघता बघता यंत्र निघतं, कळ दाबली की दार उघडतं. मागे 'दास्तान-ए-अमीर हम्जा'ची मोठी उर्दू परंपरा होती, तिथला अमर ऐयार खऱ्याखुऱ्या जादूगारांशी झुंजायचा. खत्रींनी त्यातली जादू काढून घेतली आणि कसब तेवढं ठेवलं. त्यामुळे तेजसिंहाला प्रेमाची मुभा मिळाली, असा माझा कयास आहे. जो फक्त हुशार आहे, त्याच्यावर बाई विश्वास टाकू शकते.

आता थोडं मागे जायला हवं, थोडं म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं. कारण जादूगार-हेर ही कल्पना विलायतेतून आलेली नाही. तिची सरकारी नियमावली आपल्याकडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती लागली आणि १९०९ साली ते छापून निघालं. पुढे रा. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तीच आज जगभर प्रमाण मानतात. पहिल्या अधिकरणात हेरखात्याची भरती आहे. एका जागी बसून काम करणारे हेर पाच प्रकारचे, त्यांतला एक 'तापस'. हा मुंडण केलेला किंवा जटा वाढवलेला, खोटा साधू. त्याने शहराबाहेर पुष्कळ शिष्य घेऊन तळ ठोकायचा. लोकांदेखत महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर जव किंवा भाजीपाला खायचा. गुपचूप मात्र हवं ते जेवायचं. शिष्यांनी गावभर बोभाटा करायचा की हे सिद्धपुरुष आहेत. भेटीला येणाऱ्यांच्या घरात काय चाललंय हे शिष्यांच्या खाणाखुणांवरून ओळखून सांगायचं. मग त्याने भविष्य वर्तवायचं, की अमक्याला लाभ होईल, तमक्याकडे आग लागेल, चोराचं भय आहे. आणि ते भविष्य खरं करून दाखवायचं काम खात्यातल्या बाकीच्या हेरांकडे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. मग पुढचा अध्याय वाचला.

तिथे फिरत्या हेरांची यादी आहे, आणि त्यातला पहिला 'सत्री'. ज्यांना कोणी नातेवाईक नाहीत, ज्यांना राज्याने पोसायलाच हवं, अशा पोरांमधून सत्री घडवायचे. त्यांचा अभ्यासक्रम दिला आहे. शरीरावरची लक्षणं वाचणं, अंगविद्या, शकुन, आश्रमधर्म. त्यात 'जम्भकविद्या' आहे, म्हणजे जादूटोणा, आणि 'मायागत' आहे, म्हणजे नजरबंदी. पर्याय म्हणून 'संसर्गविद्या' आहे, म्हणजे लोकांत मिसळून त्यांना आपलंसं करायची कला. काही टीकाकारांनी तिचा अर्थ थेट गाणं, नाच आणि कामशास्त्रापर्यंत नेला आहे. अनाथ मुलगा, सरकारी खर्चाने जादू शिकलेला, रिझवण्याच्या कलेत तरबेज, कामगिरीवर निघालेला. आपण ज्याला शोधत होतो तो हाच की!

मग याची कादंबरी का झाली नाही? कारण पुढची पानं वाचली की या मुलाची भीती वाटायला लागते. पाचव्या अधिकरणात राजाचा खजिना रिकामा झाला तर काय करावं याचे उपाय आहेत. एका रात्रीत देवस्थान उभं करायचं, स्वयंभू म्हणून गाजवायचं आणि जत्रेवर पैसा गोळा करायचा. झाडावर राक्षस असल्याचं सोंग आणायचं आणि शांतीसाठी लोकांकडून सोनं काढायचं. विहिरीत अनेक फण्यांचा नाग दाखवायचा, पैसे घेऊन. जे विश्वास ठेवणार नाहीत त्यांच्या आचमनाच्या पाण्यात विष मिसळायचं आणि देवाचा कोप झाला म्हणून सांगायचं. हे सगळं करणार कोण? ही जम्भकविद्या शिकलेली, गोडबोली पोरंच. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'तही हाच प्रकार आहे. यमपट दाखवत घरोघर फिरणारा भिक्षेकरी चाणक्याचा हेर, सापाचा खेळ करणारा गारुडी राक्षसाचा हेर, आणि राक्षस ज्याच्यावर जिवलग म्हणून विसंबतो तो क्षपणक चाणक्याच्या आश्रमातला जुना सहाध्यायी. नाटकभर एकही साधू साधा नाही.

शिवकाळात बहिर्जी नाईकांबद्दल समकालीन माहिती जेमतेम आहे. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या मोहिमेआधी ते खबर घेऊन येतात, तेवढ्यात त्यांचं मोठेपण दिसतं. पण लोकांनी पुढे त्यांच्याभोवती ज्या गोष्टी विणल्या त्यांत बहिर्जी काय होतात? फकीर, बैरागी, वासुदेव, भविष्य सांगणारा. म्हणजे आपल्या लोककल्पनेतला हेर जादूगार नसतो, जादूगाराचं सोंग घेतो. प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असतं की झोळीत मंत्र नाही, मुजऱ्याला न्यायची बातमी आहे.

वरच्या फळीकडे येऊ. तिथे बाबुराव अर्नाळकरांचं राज्य होतं. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६, गिरगावात चष्म्याचं दुकान आणि हजाराच्या वर पुस्तकं. काळापहाड, झुंजार, धनंजय. त्यांच्या पाठोपाठ सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईक, त्यांचीही हजाराच्या वर. नाईकांचा कॅप्टन दीप हा लष्करी हेर, सीमेपलीकडे जाणारा. या फळीवर प्रेमाला मज्जाव नव्हता. झुंजारला विजया आहे, आणि ती घरी वाट बघत बसणारी नाही. मज्जाव होता तो भुताला. रहस्यकथेचा कायदाच असा की वाड्यातल्या किंकाळ्यांमागे शेवटच्या प्रकरणात स्मगलर निघाला पाहिजे. या पुस्तकांविषयी मला याहून जास्त सांगायचं नाही. ती वेगाने वाचायची आणि वेगाने विसरायचीच पुस्तकं आहेत, लेखकांनाही तेच हवं होतं.

खालच्या फळीवर चंद्रकांत काकोडकर होते, आणि त्या फळीला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. कवी असलेला एक शिक्षक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या बायका, एवढंच कथानक. पुण्यात अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, असं न्यायालयाने त्यात नोंदवलं. एका मास्तराच्या प्रेमकथेला दिल्लीपर्यंत जावं लागणाऱ्या काळात कोणी लेखक प्रेमात मंत्रतंत्र मिसळायला धजावला नसता, हे उघड आहे.

आता मधली फळी. तिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

नारायण धारप (१९२५–२००८) हे रसायन तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलेले गृहस्थ. शंभरावर पुस्तकं. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, पण गाव, वाडा, माणसं इतकी इथली की मूळ कुठलं हे वाचताना आठवत नाही. त्यांची 'आजी' ही कथा २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटामागे आहे, एवढं सांगितलं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांची ओळख पटेल. धारपांनी मराठीला एक कायमचा नायक दिला, समर्थ. अघोरी शक्तींनी पछाडलेल्या माणसांच्या मदतीला धावून जाणारा, पलीकडच्या जगाचे कायदे जाणणारा. सोबतीला अप्पा जोशी, आपल्यासारखाच घाबरणारा साधा माणूस. समर्थ पुष्कळ अंशी आपल्या गुप्तहेरासारखेच आहेत. त्यांच्याकडे केस येते, ते जागेची पाहणी करतात, शत्रूचा माग काढतात, शेवटी सामना होतो. नाही ती एकच गोष्ट. समर्थांना प्रेयसी नाही.

नावातच त्याची बेगमी आहे. मराठी माणसाला 'समर्थ' म्हटलं की 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेले रामदास आठवतात, नाहीतर अक्कलकोटचे स्वामी. असं नाव घेतलेल्या नायकाला धारप बागेत फिरायला पाठवू शकत नव्हते. हा हट्ट मराठीपुरताच होता असंही नाही. इंग्रजीत १९०८ चा अल्जरनन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स आणि त्यानंतर आलेला विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी, हे भुतांचे डिटेक्टिव्हही एकांडे शिलेदार होते. पण तिकडचा हट्ट पुढे सुटला आणि आपला सुटला नाही.

का, ते मला माझ्या धाकट्या काकीमुळे कळलं. ती आठ आण्यांच्या दुकानाची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. मधली आणि खालची, दोन्ही फळ्या तिच्या पाठ होत्या. पुस्तकं बदलून आणायचं काम माझं, आणि खालच्या फळीचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं ही अट. दहावीपर्यंत शिकलेली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. १९९५ च्या आसपासची गोष्ट. नीरेच्या बाजूच्या एका वाडीवर एक देवऋषी होता, त्याचं नाव तेव्हा फार झालेलं. आज्जीने लकडा लावला. एक वेळ दाखवून तरी ये, तुझं काय जातंय? काकी गेली, काकाही गेले. देवऋषीने तांदळाचे दाणे पाहिले, कोणीतरी बांधलंय म्हणून सांगितलं, आणि पुढच्या अमावास्येला काकीने एकटीने यायचं, नवऱ्याने वेशीबाहेर थांबायचं, असं फर्मान काढलं.

काकी घरी आली ती सरळ चुलीपुढे बसली. "मी परत जायची न्हाय," म्हणाली. आज्जीचा आवाज चढला. कोण लागून गेलीस, एवढी माणसं जातात ती काय खुळी हायत का? काकीने मान वर केली नाही. भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "ते पुस्तकातलं समर्थ बघा आत्ती. रुपाया मागत न्हाईत, आन् बाईला एकटीला बोलवत न्हाईत. ह्यो दोन्ही मागतोय."

आज्जीने पुस्तकांच्या नावाने बोटं मोडली. पण अमावास्या आली आणि गेली. पुढे वर्षभराने त्या देवऋषीबद्दल जे बाहेर आलं ते सांगत नाही, तुम्ही ओळखलं असेलच. काकीला नंतर पुण्याच्या दवाखान्यातले उपचार लागू पडले की नाही हाही वेगळा विषय. मला त्या वेळी एवढंच कळलं, की आमच्या घरात भुताच्या पुस्तकाने एका बाईला खऱ्या मांत्रिकापासून वाचवलं. बुद्धिवादी मंडळी धारपांवर नाक मुरडतात, अंधश्रद्धा पसरवतात म्हणतात. काकीने मात्र समर्थांचा उपयोग फूटपट्टीसारखा केला. पैसा न मागणारा आणि बाई न मागणारा असेल तोच खरा. इकडच्या वाचकाने मांत्रिकावर विश्वास ठेवायला ही किंमत लावलेली आहे. समर्थ उद्या कुणा तरुणीच्या डोळ्यांत बघून विरघळले असते, तर काकीची फूटपट्टी त्याच क्षणी मोडली असती.

हे एकट्या काकीचं नाही, हे आता कायद्यात आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्याची अनुसूची एकदा वाचाच. स्वतःत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून, किंवा समोरची व्यक्ती मागच्या जन्मी आपली पत्नी, पती अथवा प्रेयसी होती असं सांगून लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा आहे. मूल होत नसलेल्या बाईला अलौकिक शक्तीने मातृत्व देतो म्हणून तिच्याशी संबंध ठेवणं हाही.

जन्मोजन्मीचं नातं, अलौकिक शक्ती, गूढ पुरुष. प्रेम आणि जादू यांच्या मिश्रणाची कादंबरी ज्या साहित्यावर उभी राहते, ते सगळं साहित्य महाराष्ट्रात गुन्ह्याच्या अनुसूचीत छापलेलं आहे. कायदा करणाऱ्यांनी ते कल्पनेतून काढलेलं नाही. गावोगावच्या फिर्यादी त्यामागे होत्या.

तिकडे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये १९४४ साली हेलन डंकन नावाच्या बाईला, मृतात्म्यांशी बोलते म्हणणारीला, १७३५ च्या जादूटोणा कायद्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली. 'बारहॅम' ही युद्धनौका १९४१ च्या नोव्हेंबरात बुडाली होती आणि नौदलाने ती बातमी दाबून ठेवली होती. पोर्ट्समथच्या एका बैठकीत या बाईंनी त्या नौकेवरचा मेलेला खलाशी समोर आणल्याचं सांगतात. युद्धाची गुपितं फुटतील या धास्तीने अधिकाऱ्यांचं तिच्यावर लक्ष होतं, असं पुष्कळांचं मत आहे. १९५१ साली तो जुना कायदा रद्द झाला. त्याच्या जागी भोंदू माध्यमांना आवरणारा साधा फसवणुकीचा कायदा आला. गल्लीतल्या मांत्रिकाची दहशत जसजशी संपली, तसतसा तो कादंबरीत देखणा होऊ लागला. सिंह पिंजऱ्यात गेल्यावरच पोरं त्याच्याजवळ फोटो काढतात.

आज हातातल्या फोनवर मराठी गोष्टींचा पूर आहे. धारप ऐकायला मिळतात, आणि रोज एक भाग टाकणारे नवे लेखक-लेखिका हजारोंनी वाचले जातात. भुतांशी प्रेम तिथे बिनधास्त चालतं. नायक पिशाच्च असतो, इच्छाधारी नाग असतो, मागच्या जन्मीचा सरदार असतो. मांत्रिक मात्र अजूनही एकतर लिंबू-टाचण्यांचा खलनायक, नाहीतर पांढऱ्या दाढीचा गुरुजी. भूत चालतं, कारण भुताने आजवर कुणाला अमावास्येला एकटीला बोलावून फसवल्याची फिर्याद ठाण्यात दाखल नाही.

तरी कोणीतरी ही कादंबरी लिहील, आणि लिहावी. कौटिल्याचा तो अनाथ सत्री मला अजून सतावतो. लहानपणी दुसऱ्यांनी भरती केलेला, जादू आणि गोड बोलणं दोन्ही हुकमावर शिकलेला, आणि एक दिवस खरोखर जीव जडलेला. आपलं बोलणं शिकवलेलं आहे की आतून आलेलं, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. एवढा पेच पुरे आहे चारशे पानांना. फक्त लिहिणाराने पहिली भेट जपून लिहावी. आजची नायिका एकटी येणार नाही. मैत्रिणीला लोकेशन पाठवून येईल, फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवेल, आणि मंत्र वगैरे ऐकायच्या आधी त्याच्याकडे ओळखपत्र मागेल. जे गुप्तहेराजवळ नसतं.